लोणारच्या गाळात जुना पाऊस कसा वाचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्यांच्या गाळावर काम करते असं सांगितलं की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "चिखलात काय असतं एवढं?" दुसरा प्रश्न बहुधा लोणारचा. शाळांतून, सहलीला आलेल्या मंडळींकडून आणि पत्रांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर 6, 8 आणि 12 तेवढे वाचा.

1. तळ्यातल्या गाळाचा आणि हवामानाचा संबंधच काय?

पावसाळ्यात काठावरची माती वाहून तळ्यात येते आणि तळाशी बसते. तळ्यात शेवाळ वाढतं, मरतं आणि त्याच मातीत मिसळतं. पाणी आटून खारट झालं की त्यात विरघळलेले क्षार स्फटिक होऊन खाली बसतात. पुढच्या वर्षीचा थर यावर पडतो, त्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा. कुणी ढवळलं नाही तर सगळ्यात जुनं ते सगळ्यात खाली, एवढा साधा हिशोब आहे. कोणत्या थरात काठावरची माती जास्त, कुठे शेवाळ जास्त आणि कुठे क्षार, हे रासायनिक तपासणीत कळतं. त्यावरून त्या काळी तळं भरलेलं होतं की आटलेलं, याचा अंदाज बांधतात.

2. मग लोणारच का? महाराष्ट्रात तळी काय कमी आहेत?

तळी पुष्कळ आहेत, पण बहुतेक माणसांनी बांधलेली. दख्खनच्या पठारावर हजारो वर्षं गाळ साठवत बसलेलं नैसर्गिक तळं मिळणं फार दुर्मीळ. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार उल्केच्या आघाताने बनलं. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे आणि सभोवार सगळा बेसाल्टच. आत येणारी माती एकाच प्रकारच्या खडकाची असल्यामुळे आकड्यांचा अर्थ लावणं सोपं जातं. शिवाय या विवरातून पाणी बाहेर वाहून जायला ओढा नाही. पाऊस आणि झरे पाणी आणतात, ऊन ते नेतं. पावसाचं प्रमाण बदललं की तळ्याची पातळी आणि खारटपणा दोन्ही बदलतात. मोठ्या नदीकाठच्या तळ्यात ही संवेदनशीलता नसते, तिथे जास्तीचं पाणी पुढे निघून जातं.

3. लोणारचा गाळ किती जुना आहे?

इथे दोन वयांची सरमिसळ होते. विवर पूर्वी सुमारे 52,000 वर्षांचं मानलं जायचं, फलकांवर आणि जुन्या पुस्तकांत तोच आकडा सापडतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीनुसार ते सुमारे 5.7 लाख वर्षांचं आहे. ज्या खडकात ते पडलं तो मात्र साडेसहा कोटी वर्षांचा.

हवामानाच्या अभ्यासासाठी जो गाळ बारकाईने तपासला गेला तो यातला अगदी वरचा भाग. 2008 साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तळ्याच्या मध्याजवळून सुमारे 10 मीटर लांबीचा कोअर, म्हणजे गाळाची उभी कांडी, काढला, त्यात गेली 11,000 वर्षं आली. त्याच्याखाली अजून कितीतरी मीटर गाळ न वाचलेला पडून आहे.

4. कोअर म्हणजे काय, आणि तो काढतात कसा?

कोअर म्हणजे गाळाची उभी कांडी. तराफ्यावरून प्लॅस्टिकची किंवा धातूची नळी तळात दाबत नेतात आणि आतल्या गाळासकट वर ओढतात. सगळी लांबी एका दमात येत नाही, मीटर-दोन मीटरचे तुकडे जोडावे लागतात. जोडाच्या जागी काही सेंटिमीटर हरवतात. म्हणून शेजारीच दुसरी नळी अशी घालतात की तिचे जोड पहिलीच्या मधोमध यावेत.

प्रयोगशाळेत नळी उभी चिरतात, दोन्ही अर्ध्यांच्या मधून बारीक तार ओढली की गाळ लोण्यासारखा दुभंगतो. पहिल्यांदा येतो तो सडक्या अंड्याचा वास. मग दिसतात ते पट्टे: काळे, हिरवट, राखाडी, काही नखाच्या जाडीचे, काही कागदासारखे. हा रंग टिकत नाही. हवा लागली की काळा भाग तुमच्यासमोर तपकिरी पडू लागतो, म्हणून फोटो आधी आणि कौतुक नंतर. एक अर्धा भाग थंड खोलीत जपून ठेवतात, दुसऱ्याचे काप करतात.

मी शिकाऊ असताना एका तुकड्यावर 'वर' आणि 'खाली' लिहायचं राहून गेलं होतं. दोन दिवस आम्ही उलटा इतिहास वाचत होतो. तेव्हापासून नळी पाण्याबाहेर यायच्या आधी माझ्या हातात मार्कर असतो.

5. थराचं वय कसं ठरवतात?

खोल थरांसाठी कार्बन-14. जिवंत असताना घेतलेला हा किरणोत्सारी कार्बन मेल्यावर ठरलेल्या वेगाने घटत जातो, त्यावरून वय काढतात. पान, काडी, बी असं जमिनीवर वाढलेलं काही सापडलं तर उत्तमच. अर्धायुष्य (म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ) 5,730 वर्षं असल्यामुळे ही पद्धत साधारण 50,000 वर्षांपर्यंत चालते. वरच्या शे-दीडशे वर्षांसाठी शिसे-210 वापरतात, त्याचं अर्धायुष्य 22 वर्षांच्या आसपास आहे. तिसरी खूण सीझियम-137 ची. अणुचाचण्यांचा धुरळा जगभर पडला आणि 1963 च्या सुमारास तो शिगेला पोचला, त्यामुळे त्या वर्षाचा थर बऱ्याच तळ्यांत ओळखू येतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शास्त्रीय लेखांत '4,000 वर्षांपूर्वी' असतं तेव्हा ते 1950 सालापासून मागे मोजलेलं असतं, आजपासून नाही. वय नेहमी 'इतकं, अधिक-उणे इतकं' असंच येतं आणि बातमीत नेमका हा शेपटाचा भाग कापला जातो. तळ्याचं पाणी कार्बन-14 ला कसं फसवतं ते प्रश्न 13 मध्ये आहे.

6. रसायनं मोजता म्हणजे नेमकं काय मोजता?

चार-पाच साक्षीदार आहेत, आणि प्रत्येकाची खोड वेगळी.

पहिला टायटॅनियम. आपल्या बेसाल्टात तो भरपूर आहे, त्यामुळे काळ्या मातीतही आहे. तो पाण्यात विरघळत नाही आणि झाडा-शेवाळाच्या कामाचाही नाही. म्हणून गाळात टायटॅनियम दिसला तर तो काठावरून मातीबरोबर वाहत आला, दुसरा मार्ग नाही. क्ष-किरण स्कॅनरखालून चिरलेली कांडी सरकवत नेली की टायटॅनियम, लोह, पोटॅशियम, कॅल्शियम यांचा आलेख थेट मिळतो, मिलिमीटर-मिलिमीटरने.

दुसरा कॅल्शियम. राजस्थानच्या एखाद्या तळ्यात कॅल्शियम वाढला की 'पाणी आटलं, कार्बोनेट बसलं' असं म्हणता येतं. लोणारला तसं चटकन म्हणता येत नाही, कारण बेसाल्टातही कॅल्शियम आहे. म्हणून नुसता कॅल्शियम न बघता टायटॅनियमशी त्याचं गुणोत्तर बघतात. मातीबरोबर आलेला वाटा त्यात वजा होतो, उरतो तो तळ्याने स्वतः बनवलेला.

तिसरा कार्बन आणि नायट्रोजनचं गुणोत्तर. शेवाळात प्रथिनं जास्त, म्हणून गुणोत्तर 10 च्या खाली राहतं. जमिनीवरच्या झाडांत लाकूड-तंतू जास्त, तिथे ते 20 च्या वर जातं. सेंद्रिय भाग तळ्यातला की काठावरचा, हे यावरून कळतं.

चौथे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके आणि जड भाऊ. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडतो, जड मागे राहतो. आटत्या तळ्यातल्या कार्बोनेटमध्ये म्हणून जड ऑक्सिजन वाढतो. कार्बनचंही तसंच. साग, भात, गहू एका पद्धतीने अन्न बनवतात, ज्वारी, ऊस आणि बरीचशी माळरानावरची गवतं दुसऱ्या. दुसऱ्या गटात जड कार्बन जास्त असतो. पाऊस कमी होऊन रान मागे हटलं आणि गवताळ माळ वाढला, तर गाळात ते उमटायला हवं.

'हवं' म्हटलं, कारण लोणारचं पाणी इथे खोडा घालतं. त्याचा सामू 10 च्या आसपास आहे आणि त्यात बायकार्बोनेट भरून आहे. तिथलं शेवाळ तो कार्बन खातं आणि गवतासारखं जड दिसू लागतं. म्हणजे ज्वारीचं शेत वाटलेला थर प्रत्यक्षात हिरवं तळं असू शकतो! यावर उपाय पानांवरच्या मेणाचा. झाडांच्या पानांवर लांब साखळीचं मेण असतं, शेवाळात ते तसं नसतं. ते वेगळं काढून त्यातला कार्बन आणि हायड्रोजन मोजतात. काम किचकट आणि महागडं आहे, पण लोणारला त्याशिवाय गत्यंतर नाही.

7. साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यातलं काही जमतं का?

जमतं. वाळवलेला गाळ तोलायचा, भट्टीत 550 अंशांवर जाळायचा, पुन्हा तोलायचा. घटलेलं वजन म्हणजे ढोबळमानाने सेंद्रिय भाग. मग 950 अंशांवर तापवून पुन्हा तोलला की कार्बोनेटचा अंदाज येतो. चिनीमातीची मूस, भट्टी आणि चांगला तराजू एवढ्यावर एका सत्रात शंभर नमुने होतात.

8. लोणारच्या गाळात सापडलेली 'खडीसाखर' काय आहे?

तिचं नाव गेलुसाइट. सोडियम आणि कॅल्शियमचं पाणीदार कार्बोनेट, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांच्या नावावरून. काळ्या चिखलात नुसत्या डोळ्यांना दिसतील असे टोकदार स्फटिक. कोरड्या हवेत ठेवले तर त्यातलं पाणी निघून जातं आणि ते पांढुरके पडतात.

गेलुसाइट बनायला पाणी अतिशय खारं आणि सोडायुक्त व्हावं लागतं. पातळी बरीच उतरल्याशिवाय ते होत नाही. म्हणून लोणारच्या कोअरमधले गेलुसाइटचे थर हा तळं आटल्याचा सगळ्यात रोखठोक पुरावा मानतात. 10 मीटरमध्ये हे स्फटिक सगळीकडे नाहीत, दोन टप्प्यांत ते ठळकपणे येतात. या टप्प्यांबद्दल पुढच्याच प्रश्नात.

आता यातली गोम. स्फटिक पाण्यात बनून तळाशी पडला, की आधीच बसलेल्या चिखलाच्या फटींतल्या खाऱ्या पाण्यात नंतर वाढला? दुसरं घडलं असेल तर तो आजूबाजूच्या चिखलापेक्षा तरुण असणार. स्फटिकाचं आणि शेजारच्या काडीचं वय वेगवेगळं काढून ताडून बघणं हाच मार्ग.

लोणारचा खार लोकांना काही नवा नाही. या डोंगरांत काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं मिळतं, अशी नोंद आईन-ए-अकबरीत आहे. आपण ज्याला पुरावा म्हणतो तो तेव्हा महसूल होता.

9. मग निघालं काय?

सुमारे 11,400 वर्षांपूर्वीपासून मॉन्सून जोरात आला आणि तळं भरलं. पुढे हळूहळू कोरडेपणाकडे कल. त्यात दोन लांबलचक अवर्षणाचे टप्पे: पहिला 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी, दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वी. गेलुसाइट याच दोन टप्प्यांत सापडतं. हा निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाला. लेखकांनी या टप्प्यांचा संबंध हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या सीमेवरच्या उष्ण पाण्याच्या पट्ट्याशी जोडला आहे.

10. म्हणजे तेव्हा पाऊस किती मिलिमीटर पडत होता?

सांगता येत नाही. तळ्याला पर्जन्यमापक समजू नका. त्याला आवक-जावक कळते: पाऊस, झरे, वारा, ऊन, ढग, सगळ्यांची गोळाबेरीज. कुणी गाळावरून नेमके मिलिमीटर सांगितले तर अधिक-उणे किती, हे आधी विचारा.

11. दुसरं अवर्षण 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचं म्हणता. त्याच काळात अजिंठा, वेरूळ कोरलं गेलं, यादवांचं राज्य होतं. दुष्काळात हे कसं?

माझा आवडता प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यांचा सूर बहुतेक वेळा 'आता सापडलात' असा असतो.

हिशोब बरोबर आहे. 1950 मधून वजा केलं की हा टप्पा साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून 1350 पर्यंत येतो. खुद्द लोणार गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर आणि विवरातली कितीतरी देवळं याच टप्प्याच्या उत्तरार्धातली. म्हणजे तळं खारट होत असताना काठावर छिन्नी चालू होती.

घोळ 'दुष्काळ' या शब्दाचा आहे. आपल्याला दुष्काळ म्हटलं की पीक गेलेलं, छावणीतली जनावरं आणि टँकर दिसतात. गाळ सांगतो ते वेगळं: शेकडो वर्षांच्या सरासरीत तळ्यात येणाऱ्या पाण्यापेक्षा उडून जाणारं जास्त होतं. त्या सरासरीत पन्नास बरी वर्षं सहज लपतात. शिवाय राज्य पावसावर चालतं तसं व्यापारी वाटा, खजिना, विहिरी आणि बारव यांवरही चालतं. लोणारचंच बघा, तळ्याचं पाणी पिण्यालायक नाही, पण कड्यावरची धार गोड्या पाण्याची आहे. लोक धारेच्या पाण्यावर जगत होते. गाळात मात्र तळ्याची स्थिती उतरते, धारेची नाही.

उलट दिशेचा मोहही टाळा. 'यादव राज्य अवर्षणामुळे पडलं' असं या आलेखावरून कुणी म्हणालं तर तेही तितकंच कच्चं. खिलजींच्या स्वाऱ्या गाळात दिसत नाहीत.

12. दुर्गादेवीचा दुष्काळ किंवा 1972 चा दुष्काळ गाळात दिसतो का?

10 मीटर भागिले 11,000 वर्षं, म्हणजे सरासरी वर्षाला मिलिमीटरभरही गाळ नाही. एक सेंटिमीटरचा काप घेतला तर त्यात साधारण 11 वर्षं कालवलेली असतात. 1396 पासून बारा वर्षं चालला असं सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ फार तर एका कापाएवढा. कार्बन-14 च्या वयातली चूक त्याहून मोठी. एखादा खारट काप दिसला तरी त्यावर 'दुर्गादेवी' अशी चिठ्ठी चिकटवणं धाडसाचं.

1972 तर मिलिमीटरभराचा मामला. घरी आजी सुकडीची आणि खडी फोडायच्या कामाची आठवण सांगते, ती नोंद आमच्या कोअरपेक्षा कितीतरी नेमकी आहे. स्कॅनर बारीक वाचतो हे खरं, पण लागोपाठच्या दोन-चार वर्षांची माती वाऱ्याने, लाटांनी आधीच एकमेकींत मिसळलेली असते.

13. लोणारच्या पाण्यामुळे कार्बन-14 फसतो असं वाचलं. खरं का?

हो. सोडायुक्त तळ्यात विरघळलेला कार्बन प्रचंड असतो आणि हवेतल्या कार्बनशी त्याची देवाणघेवाण सावकाश होते. जुना कार्बन पाण्यात रेंगाळतो. त्यावर वाढलेलं शेवाळ जन्मतःच म्हातारं दिसतं. म्हणून काठावरून पडलेलं पान किंवा काडी शोधतात. पण काडीही कधीकधी काठावरच्या जुन्या मातीत शंभर वर्षं पडून मग वाहत आलेली असते. एकट्या वयावर विसंबायचं नाही, खालून वर सगळी वयं क्रमाने तरुण होत जातात का ते बघायचं.

14. टायटॅनियम वाढला म्हणजे पाऊस वाढला, असं समजायचं ना?

बहुतेक वेळा. फसगतीच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत.

तळं आटून काठ उघडे पडले की जुना काठचा चिखल थोड्याशा सरींनीही मध्यभागी वाहून येतो. अवर्षणातच टायटॅनियम वाढतो! रान तोडलं, नांगर फिरला, तर तेवढ्याच पावसात जास्त माती येते. रान तुटलं-जळलं का हे कळायला अशा वेळी परागकण आणि कोळशाचे कण बघतात. आणि निव्वळ अंकगणिताची फसगत अशी की सगळं मिळून शंभर टक्के असतं. शेवाळ दुप्पट झालं तर टायटॅनियमची टक्केवारी घटते, जरी माती पूर्वीइतकीच आली असली तरी. गुणोत्तरं वापरण्याचं हे दुसरं कारण. पहिलं प्रश्न 6 मध्ये.

15. लोणारचं 4,600 वर्षांपूर्वीचं अवर्षण म्हणजेच हडप्पा संस्कृती संपवणारा दुष्काळ ना?

इतकं सरळ नाही. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभावरून 4,200 वर्षांपूर्वीचा टप्पा ठरला आणि 2018 मध्ये तिथून पुढच्या काळाला 'मेघालयन' हे नाव अधिकृतपणे मिळालं. हरियाणातल्या कोटला डाहर तळ्यातल्या गोगलगायींच्या शंखांतला ऑक्सिजन सुमारे 4,100 वर्षांपूर्वी मॉन्सून अचानक मंदावल्याचं सांगतो. राजस्थानातलं लुणकरणसर मात्र हडप्पाची शहरं भरात येण्याच्याही आधीच आटलं होतं. लोणारचा टप्पा 4,600 ला सुरू होतो. चार जागा, चार तारखा. काही फरक वयातल्या चुकांचा, काही खराच. एकाच वर्षी विदर्भात पूर आणि मराठवाड्यात टँकर असं आजही होतंच की.

16. माणसाने केलेलं प्रदूषणही दिसतं का?

फार छान दिसतं. स्वीडनच्या तळ्यांत रोमन काळातल्या धातुकामाचं शिसं सापडलं आहे, खाणी हजारो किलोमीटर दूर असून. शिशाच्या समस्थानिकांवरून ते कुठल्या खनिजातलं याचाही माग लागतो.

17. 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं होतं. पूर्वी झालं असेल तर गाळात कळेल?

तो रंग हॅलोआर्किया या खार-प्रेमी सूक्ष्मजीवांचा होता, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो तपासला. रंगद्रव्य फार काळ टिकत नाही. आर्कियांच्या पेशीपटलातली चरबी मात्र चिवट असते, ती गाळात राहते. त्यावरून 'हे जीव तेव्हा पुष्कळ होते' इथपर्यंत जाता येतं. पाणी डोळ्यांना गुलाबी दिसलं का, इथपर्यंत नाही.

18. सहलीला आलो की थोडा गाळ बाटलीत नेऊ का?

नाही. ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही. आणि काठचा गाळ ढवळलेला असतो, त्यातून काही वाचता येणारही नाही.

19. आमच्या गावच्या पाझर तलावात असा अभ्यास होईल का?

होईल, फक्त तलावाच्या वयाइतकाच. 1972 च्या कामांतला तलाव असेल तर पन्नासेक वर्षांचा. त्यात सीझियमचं 1963 चं शिखर सापडणार नाही, कारण तेव्हा तलावच नव्हता. शिसे-210 चालेल. मातीची धूप कधी वाढली, खतांतला फॉस्फरस कधी येऊ लागला, हे मात्र अशा तलावात लोणारपेक्षा चांगलं दिसतं, कारण गाळ भराभर साठतो.

अडचण एकच. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मध्ये जेसीबीने तो काढून शेतात पसरला असेल तर पानं फाटून गेली म्हणायची. शेतकऱ्याने गाळ नेऊ नये असं मी म्हणणार नाही, त्याच्या रानाला तो हवाच आहे. यंदा तुमच्याकडे काम निघणार असेल तर भिंतीजवळचा, सगळ्यात खोल भागातला दहा बाय दहा फुटांचा एक चौकोन न खोदता ठेवायला सांगा, आणि जेसीबी यायच्या आधी कळवा. नळी आणि मार्कर घेऊन येते.